गिंपमध्ये सेव्ह केलं तर जेपीजी का होत नाही? सेव्ह आणि एक्स्पोर्टचा घोळ

रानजाई
नमस्कार मंडळी. आजोळच्या जुन्या अल्बममधले फोटो साफ करायचं काम काढलंय. मामाने दिवाळीत अल्बम दिला होता, दीडशेच्या आसपास फोटो, बहुतेक कृष्णधवल, काही १९६० च्या आगेमागचे, बुरशीचे ठिपके पडलेले, कडा वाळवीने खाल्लेल्या, एक तर चार घड्या घालून पाकिटात ठेवलेला. सगळे स्कॅन केले, अल्बम मामाकडे परत गेला. आता रोज रात्री जेवणं आवरली की दोन-तीन फोटो घेऊन बसते आणि ठिपके, ओरखडे पुसते.

तर प्रश्न असा. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर गिंप २.६ हा फोटो दुरुस्त करायचा प्रोग्राम होता, त्यात फोटो उघडायचा, काम करायचं, कंट्रोल एस दाबलं की विषय संपला. पहिले तीसेक फोटो मी तसेच केले. मग तो कॉम्प्युटर बसला, भाच्याने नव्या लॅपटॉपवर गिंप ३ टाकून दिलं आणि तिथून घोळ सुरू. कंट्रोल एस दाबलं की एक्ससीएफ नावाची फाइल होते. नावापुढे हाताने जेपीजी लिहिलं तर म्हणतं इथे चालणार नाही, एक्स्पोर्टमध्ये जा. एक्स्पोर्ट केलं तर बंद करताना पुन्हा विचारतं की बदल सेव्ह केले नाहीत, काय करू. अहो आत्ता तर केलं! परवा मामाला एक फाइल व्हॉट्सॅपवर पाठवली तर त्याचा फोन, हे काय पाठवलंस, उघडतच नाही.

माझं स्पष्ट मत आहे की हे उगाच वाढवून ठेवलेलं काम आहे. सेव्ह म्हणजे सेव्ह. पण जाणकारांनी सांगा की हे असं का केलंय आणि मी नक्की कुठली फाइल ठेवायची.

टाकसाळ
फाइल मेनूत 'एक्स्पोर्ट ॲज', कंट्रोल शिफ्ट ई. नावापुढे जेपीजी लिहा, एंटर मारा, झालं. बंद करताना विचारेल तेव्हा 'डिस्कार्ड'.

निळी_शाई
टाकसाळ, थांबा, त्यांना डिस्कार्ड करायला सांगू नका!

रानजाई ताई, चिडचिड समजते. २०१२ साली गिंप २.८ आलं आणि हा बदल झाला तेव्हा मीही अशीच वैतागले होते, कितीतरी दिवस हट्टाने २.६ वापरत राहिले. पण तुमच्या कामाला हा बदल फार उपयोगाचा आहे.

२.६ मध्ये लेयर (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर) असलेलं चित्र जेपीजी म्हणून सेव्ह करायला गेलं की मध्येच एक चौकट यायची, जेपीजीला लेयर चालत नाहीत, एकत्र करून देऊ का. आपण न वाचता हो म्हणायचो. फाइल तयार व्हायची, आपल्याला वाटायचं काम सेव्ह झालं. दुसऱ्या दिवशी उघडावं तर लेयर नाहीत, मास्क (लेयरचा नको तो भाग झाकणारा पडदा) नाही, टाइप केलेली अक्षरं सगळी चित्रात मुरलेली. मग बनवणाऱ्यांनी ठरवलं की सेव्ह हा शब्द फक्त एकाच गोष्टीसाठी ठेवायचा, काहीही न गमावता ठेवणं. ते एक्ससीएफमध्येच होतं, त्यात लेयर, मास्क, सिलेक्शन, पाथ, मजकूर सगळं जसंच्या तसं राहतं. जेपीजी, पीएनजी, टिफ, वेबपी यांत काही ना काही गळतं म्हणून ते सगळे एक्स्पोर्टमध्ये गेले. आणि बंद करताना विचारतं ते याचसाठी, की बाबा प्रत काढलीस पण मूळ काम अजून ठेवलं नाहीस. नीट बघितलंत तर त्याच चौकटीत अमुक नावाने एक्स्पोर्ट झालंय हेही लिहिलेलं असतं.

गिंप ३ मध्ये तर आणखी एक भर पडलीय. कर्व्हज, ब्लर वगैरे फिल्टर आता लेयरवर वेगळे राहतात, नंतर बंद करता येतात, आकडे बदलता येतात. ते टिकतं फक्त एक्ससीएफमध्ये. एवढंच बघा की असल्या नव्या सोयी वापरलेली फाइल जुन्या गिंपमध्ये उघडत नाही.

थोडक्यात एक्ससीएफ म्हणजे गणपतीचा साचा आणि जेपीजी म्हणजे त्यातून काढलेली मूर्ती. साचा जपा, मूर्ती वाटा.

शाडूमाती
साच्याची उपमा पटली नाही. आमच्या घरी पेणला तीन पिढ्या हेच काम आहे म्हणून बोलतो. साच्यात बदल होत नाही, त्यातून एकसारखंच निघतं. एक्ससीएफ म्हणजे ओली मूर्ती. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तर चार दिवसांनीही सोंड जरा डावीकडे घेता येते. जेपीजी म्हणजे वाळवून रंगवलेली. तिला आता सोंड वळवायला गेलात तर ती मोडणारच.

निळी_शाई
शाडूमाती, मान्य! तुमची उपमा जास्त बरोबर आहे.

धावपळ
मी मात्र रानजाईंच्या बाजूने. सगळ्यांचं काम एकसारखं नसतं हो. मी एका स्थानिक पोर्टलला फोटो देतो. कार्यक्रम संपला की अर्ध्या तासात वीस फोटो कापून, उजेड वाढवून, एक हजार पिक्सेल रुंदीला आणून वर जायला हवेत. त्यात ना लेयर ना मजकूर. मला एक्ससीएफ घेऊन काय करायचंय? वीस वेळा नाव विचारणार, वीस वेळा गुणवत्ता विचारणार, वीस वेळा सेव्ह नाही केलंस म्हणून टोकणार. प्रोग्रामने माणसाचं ऐकायचं की माणसाने प्रोग्रामचं?

ज्यांना माझ्यासारखंच काम आहे त्यांच्यासाठी: जेपीजी थेट उघडली असेल तर फाइल मेनूत 'ओव्हरराइट' दिसतं, त्याने आहे त्याच फाइलवर लिहिलं जातं. एडिट मेनूतल्या 'कीबोर्ड शॉर्टकट्स'मध्ये जाऊन त्याला स्वतःची की देता येते, मी तर सरळ कंट्रोल एस देऊन टाकलीय.

अक्षरजुळारी
धावपळ भाऊ, तुमच्या कामाला ते ठीक, पण मूळ फोटो कार्डात आहेत तोवर. मूळावर ओव्हरराइट ही सवय वाईट.

मी तालुक्याच्या गावात वीस वर्षं डीटीपी आणि फ्लेक्सचं काम करतो. आमच्यात कोरेल हा डिझाइनचा प्रोग्राम चालतो, आणि कोरेलवाल्याला हा प्रश्न कधी पडलाच नाही, कारण तिथे पहिल्या दिवसापासून सेव्ह म्हणजे सीडीआर, कोरेलची स्वतःची फाइल, आणि गिऱ्हाइकाला दाखवायला एक्स्पोर्ट जेपीजी. हात तसाच बसलेला. घोळ होतो तो फोटोच्या प्रोग्राममध्ये, कारण तिथे आपण आत येतोच जेपीजी घेऊन.

माझ्यावर एकदा काय वेळ आली ते सांगतो. लग्नपत्रिका होती. पार्श्वभूमीला पैठणीचा काठ आणि मोर, त्यावर बारीक जर. हाताखालच्या पोराने सगळं छान बसवलं, जेपीजी काढून गिऱ्हाइकाला पाठवली, त्यांनी हो म्हटलं, पोराने फाइल बंद केली आणि विचारल्यावर 'नो' दाबलं. रात्री साडेदहाला मुलीच्या वडिलांचा फोन, मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा आहे, पत्रिकेत ५३ छापलंय. सकाळी सातला मशीन लागणार होतं. फक्त दोन आकडे बदलायचे होते हो, लेयर असते तर दहा सेकंदांचं काम. पण ते आकडे जरीत मुरलेले. शेजारची जर उचलून त्यावर चिकटवत बसलो, धागा जुळेना, उजेड जुळेना, मग त्याच फाँटमध्ये तेवढ्याच जाडीचे आकडे टाकून कडा मऊ केल्या, रात्रीचे दोन वाजले. आजही ती पत्रिका समोर आली तर मला तो चौकोन दिसतो, दुसऱ्या कुणाला दिसत नसेल.

तेव्हापासून दुकानात नियम आहे, आधी सेव्ह, मग एक्स्पोर्ट, आणि दोन्हींचं नाव एकच.

हिरवा_चाफा
फोटोशॉपमध्येही हाच तमाशा झाला होता की. २०२१ मध्ये एका अपडेटनंतर 'सेव्ह ॲज' उघडलं तर यादीतून जेपीजी गायब, ते गेलं 'सेव्ह अ कॉपी'त. लोकांनी इतका आरडाओरडा केला की थोड्याच दिवसांत जुनी पद्धत परत लावायची सोय सेटिंग्जमध्ये द्यावी लागली. आमच्या ऑफिसात तर दोन दिवस सगळे एकमेकांच्या टेबलाशी जाऊन विचारत होते, तुझ्याकडे जेपीजी येतंय का.

क्रिटा या चित्रं काढायच्या प्रोग्रामने मधला मार्ग काढलाय. तिथे साधं सेव्ह करूनही जेपीजी होतं, पण आधी सांगतं की अमुक अमुक गोष्टी यात राहणार नाहीत. मला ते जास्त माणुसकीचं वाटतं.

निळी_शाई
पण न वाचता हो म्हणायची सवय तिथेही आहेच ना?

हिरवा_चाफा
ते आहेच.

पिक्सेलपंत
अजून एक मुद्दा कुणी मांडला नाही. जेपीजीत लेयर जातात एवढंच नाही, चित्रही प्रत्येक सेव्हला थोडं थोडं खराब होतं. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील, जो डोळ्याला सहसा जाणवत नाही, तो ढोबळ करून टाकते. म्हणून फाइल लहान होते. गेलेला तपशील परत येत नाही. तीच फाइल उघडून, जरा बदलून, पुन्हा सेव्ह केली की ढोबळावर पुन्हा ढोबळ. गुणवत्ता १०० ठेवली तरी ती बिनतोट्याची होत नाही, तोटा फक्त कमी होतो.

आणि अक्षरजुळारींना हे माहीत असेल, लाल अक्षरं पिवळ्यावर टाकली की कडेला घाण का दिसते. जेपीजी बहुतेक वेळा उजेडाची माहिती पूर्ण ठेवते आणि रंगाची माहिती निम्म्या रुंदीला, निम्म्या उंचीला आणते. फोटोत कळत नाही, पण लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, वाढदिवसाचे बॅनर सगळे लाल-पिवळे, तिथे लगेच कळतं. एक्स्पोर्टच्या चौकटीत ॲडव्हान्स्डमध्ये सबसॅम्पलिंग असतं, ते ४:४:४ करा, म्हणजे रंगाची माहितीही पूर्ण राहते. किंवा मजकुराचं चित्र असेल तर सरळ पीएनजी काढा, त्यात लेयर जातात पण दिसणाऱ्या चित्रातलं काहीच गळत नाही, पारदर्शक भागही राहतो.

रानजाई
बाप रे. म्हणजे मी जुन्या कॉम्प्युटरवर केलेले फोटो रोज उघडून आईला दाखवते, ते प्रत्येक वेळी खराब होतायत?

पिक्सेलपंत
नाही नाही, काळजी करू नका. नुसतं उघडून बघितल्याने काही होत नाही. पेनड्राइव्हवर कॉपी केल्यानेही नाही. पुन्हा सेव्ह किंवा एक्स्पोर्ट केलं तरच. व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवला की मात्र ते स्वतःच लहान करून दाबून पाठवतं, म्हणून मामांना पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. एक्ससीएफ नको, जेपीजी :)

सांजवात
अवांतर: कुणाला सरकारी फॉर्मसाठी फोटो लहान करायचा असेल तर हीच एक्स्पोर्टची चौकट फार कामाची आहे. मुलाच्या बँकेच्या परीक्षेला फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी मागितली होती, सायबर कॅफेवाला दरवेळी पैसे घेऊन करून द्यायचा. जेपीजी एक्स्पोर्ट करताना प्रीव्ह्यूवर टिक केलं की फाइल किती केबीची होणार ते तिथेच दिसतं, गुणवत्तेची पट्टी सरकवत आकडा बसवायचा. पण आधी चित्राचे पिक्सेल कमी करा, नुसती गुणवत्ता पाडलीत तर चेहऱ्यावर चौकोन येतात.

गोधडी
रानजाई, निळी_शाई म्हणाल्या त्यात एक गोष्ट राहिली आणि तुमच्यासाठी तीच महत्त्वाची आहे. एक्ससीएफमध्ये अनडूचा इतिहास राहत नाही. म्हणजे तुम्ही स्कॅनवरच थेट हील टूल (डाग पुसायचं साधन) फिरवून एक्ससीएफ सेव्ह केलीत, तर उद्या उघडल्यावर काल पुसलेलं परत आणता येणार नाही. नुसती फाइल एक्ससीएफ असून भागत नाही.

मी असं करते. मूळ स्कॅन टिफमध्ये (त्यात सहसा जेपीजीसारखा तपशील जात नाही), वेगळ्या फोल्डरला, त्याला हात लावायचा नाही. तो गिंपमध्ये उघडला की पहिल्यांदा लेयर डुप्लिकेट करायचा आणि खालच्याला कुलूप. सगळी पुसापुशी वरच्यावर. कधी वाटलं की इथे जास्त पुसलं, तर वरच्या लेयरला मास्क लावायचा आणि तेवढ्या जागी काळा ब्रश फिरवायचा, खालचं मूळ दिसायला लागतं. मग सेव्ह, आणि वाटायला एक्स्पोर्ट.

धावपळ
दीडशे फोटोंचे असे डबल लेयर ठेवले तर डिस्क भरून जाईल की.

गोधडी
हिशोब करून बघा. ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला की २४०० गुणिले ३६०० पिक्सेल, म्हणजे साधारण ८६ लाख. रंगीत असेल तर लेयरला २५-२६ एमबी, कृष्णधवल ग्रेस्केलमध्ये ठेवला तर त्याचा तिसरा हिस्सा. रंगीतच धरून दोन लेयरचे ५२, दीडशे फोटोंचे पावणेआठ जीबी. एका पेनड्राइव्हवर मावतं. शिवाय सेव्ह करताना जास्त दाबून ठेवायचा पर्याय असतो, वेळ जरा लागतो पण फाइल लहान होते.

धावपळ
एवढंच होय. मग जुन्या फोटोंसाठी तुमचं बरोबर. माझ्या वीस फोटोंसाठी माझं बरोबर.

अक्षरजुळारी
धावपळ भाऊ, फक्त त्या वीसचं वेगळं फोल्डर करून त्यात ओव्हरराइट करा, एवढं माझं ऐका.

सांजवात
स्कॅनचा विषय निघालाच आहे तर, फोटोच्या पाठीमागे काही लिहिलेलं असेल तर तेही स्कॅन करा हं. आमच्याकडे एका फोटोमागे पेन्सिलने फक्त 'माघी, विहिरीचं काम' एवढंच लिहिलेलं होतं, त्यावरून वडिलांनी साल ओळखलं. अल्बमला चिकटलेले फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा.

टाकसाळ
पहिल्याच प्रतिसादात डिस्कार्ड करा म्हणून मी चुकीचं सांगितलं, मागे घेतो. माझ्या डोक्यात धावपळ यांच्यासारखं काम होतं.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. पंधरा दिवसांनी येतेय, कारण मध्ये एक गोष्ट घडली आणि ती इथे सांगितल्याशिवाय राहवेना.

गोधडी यांनी सांगितलं तसं मी त्याच रात्रीपासून डुप्लिकेट लेयर करून काम करायला लागले. रविवारी आईला लॅपटॉपसमोर बसवून सगळे फोटो दाखवत होते. आजीचा एक फोटो आहे, ओसरीवर बसलेली, मांडीवर माझी मावशी, सहा-सात महिन्यांची असेल. आई बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं रडतेय. मग म्हणाली, आईच्या हनुवटीवरचं गोंदण कुठे गेलं?

मला कळेचना. मी आजीला पाहिलेलं नाही, माझ्या जन्माआधीच ती गेली. आई म्हणाली, तिच्या हनुवटीवर तीन ठिपके होते, त्रिकोणात, लग्नाआधी तिच्या आजीने गोंदवून घेतलेले. आणि मग माझ्या लक्षात आलं. मी ते पुसले होते. मोठं करून बघताना मला ते बुरशीचे ठिपके वाटले, आजूबाजूला खरे बुरशीचे ठिपके होतेच, त्यांच्यासारखेच दिसले, हील टूल तीनदा टेकवलं आणि गेले.

मग शोधलं. आजीचे एकूण अकरा फोटो. चार जुन्या कॉम्प्युटरवर केलेले, थेट जेपीजीवर सेव्ह, त्यातलं गोंदण गेलं ते गेलंच. दोन एक्ससीएफ आहेत पण स्कॅनवरच थेट काम केलेलं, त्यातही काही उरलेलं नाही, तिथे गोधडी यांचं अनडूचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. उरलेले पाच डुप्लिकेट लेयरवाले. आईला शेजारी बसवूनच मास्क लावला, काळा ब्रश घेतला, हनुवटीवर हळूच फिरवला. पहिला ठिपका आला, मग दुसरा. आई बोट स्क्रीनला लावून म्हणाली, अजून जरा खाली.

माझं पहिल्या पोस्टमधलं मत मी बदललंय. उगाच वाढवलेलं काम नाही हे. त्या सहा फोटोंसाठी मामाला फोन केला, पुढच्या महिन्यात तो अल्बम घेऊन येतोय, पुन्हा स्कॅन करते, या वेळी टिफ.

गोधडी
रानजाई, वाचून अंगावर काटा आला. ते सहा पुन्हा स्कॅन कराल तेव्हा स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं 'डस्ट रिमूव्हल' बंद आहे ना ते आधी बघा, नाहीतर ठिपके स्कॅन होतानाच जायचे.

शाडूमाती
फडकं ओलं होतं म्हणून वाचलं बघा.

अक्षरजुळारी
ताई, त्या पाच फाइलींची दुसरी प्रत आजच बाहेरच्या डिस्कवर टाका. आजच.

रानजाई
टाकली, आणि भाच्याकडेही एक दिली. डस्ट रिमूव्हल चालूच होतं हो, आत्ता बंद केलं. आणि आई काल म्हणाली की आजीच्या उजव्या कानाजवळही एक ठिपका होता. पाचही फोटो मोठे करून बघतेय, दोनांत पदर आलाय, एकात सावली आहे. चौथ्यात काहीतरी दिसतंय, पण ते गोंदण की बुरशी हे आई दुपारच्या झोपेतून उठली की तिलाच विचारते.